माणसाचा 'लोंढा' कधी होतो?

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळचा चहा झाला होता, टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं होतं. तिथे कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या १०४ भारतीयांना परत पाठवलं होतं. बहुतेक जण पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे. तीन जण आपल्या महाराष्ट्रातले. मग पडद्यावर एक चित्रफीत आली. ती अमेरिकेच्या सीमा पोलिसांच्या प्रमुखांनीच प्रसिद्ध केलेली. रात्रीची वेळ, विमानाचं मागचं दार उघडं, आणि पायांत साखळ्या अडकवलेली माणसं छोटी छोटी पावलं टाकत आत चढतायत. वर पार्श्वसंगीत. हो, चक्क संगीत, सिनेमात असतं तसं.

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "काय गं, चोऱ्या केल्या का ह्यांनी?"

"नाही हो आई, कागदपत्रं नव्हती त्यांच्याकडे. चोरून सीमा ओलांडून गेले होते."

"म्हणजे चोरून गेले. चोरी नाही ना केली?"

मी गप्पच झाले. सासूबाई मराठी सातवी शिकलेल्या. पण चोरून जाणं आणि चोर असणं यातला फरक त्यांनी ज्या सहजतेनं सांगितला, तो सांगायला अमेरिकेतल्या वृत्तसंस्थांना आणि सरकारी खात्यांना कित्येक वर्षं लागली. आणि सांगून झाल्यावर पुन्हा तो पुसलाही गेला.

त्या चित्रफितीबरोबरच्या मजकुरात शब्द होता 'इल्लीगल एलियन्स'. आपल्याला एलियन म्हटलं की स्पीलबर्गच्या सिनेमातला, नाहीतर 'कोई मिल गया'मधला परग्रहावरचा प्राणी आठवतो. अमेरिकेच्या कायद्यात मात्र हा शब्द १७९० पासून आहे आणि त्याचा अर्थ साधा आहे: जो अमेरिकेचा नागरिक नाही तो. म्हणजे आपल्या ओळखीतली, मोठमोठ्या कंपन्यांत काम करणारी, दिवाळीला न्यू जर्सीतून व्हिडिओ कॉल करणारी मुलंही कायद्याच्या भाषेत एलियनच. ग्रीन कार्ड मिळालं की त्यावर जो क्रमांक असतो, त्याला 'एलियन नंबर' म्हणतात. कर भरताना कुणी 'रेसिडेंट एलियन' असतं, कुणी 'नॉन रेसिडेंट एलियन'. पण आपण पेढे वाटतो ते 'पोराला ग्रीन कार्ड मिळालं' म्हणून. 'पोराला एलियन नंबर मिळाला' असं म्हणत कुणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही!

शब्द एकच, पण बातम्यांमध्ये तो चिकटतो फक्त काही जणांना. आणि त्याच्या आधी 'इल्लीगल' जोडलं की काम फत्ते.

आता जरा विचार करा. बेकायदा बांधकाम असतं, बेकायदा दारू असते, बेकायदा वाळूउपसा असतो. या वस्तू आहेत किंवा कृती आहेत. पण माणूस बेकायदा कसा असेल? सिग्नल तोडणाऱ्याला आपण 'बेकायदा माणूस' म्हणत नाही. कर चुकवणाऱ्यालाही नाही. बरं, बेकायदा इमारती तर आपल्याकडे चार वर्षांनी दंड भरून नियमितही होतात! अमेरिकेच्या कायद्यात पहिल्यांदा चोरून सीमा ओलांडणं हा किरकोळ गुन्हा आहे, त्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद. आणि रीतसर व्हिसावर जाऊन मुदत संपल्यावर तिथेच राहणं हा तर फौजदारी गुन्हाही नाही, ते दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन आहे. चूक आहे, त्याबद्दल परत पाठवण्याचा त्या देशाला अधिकारही आहे. पण त्या चुकीचं नाव अख्ख्या माणसालाच देऊन टाकायचं, हे शब्दांचं काम.

हे तिथल्या लोकांच्याही लक्षात आलं होतं. एप्रिल २०१३ मध्ये असोसिएटेड प्रेस या मोठ्या वृत्तसंस्थेनं ठरवलं की 'बेकायदा' हे विशेषण कृतीला लावायचं, माणसाला नाही. म्हणजे 'बेकायदा स्थलांतर' म्हणता येईल, 'बेकायदा स्थलांतरित' नाही. जगभरची वर्तमानपत्रं या संस्थेच्या बातम्या घेतात, त्यामुळे ही काही लहान गोष्ट नव्हती.

दुसरी गोष्ट ग्रंथालयातली. ती मला फार आवडते, कारण ती विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. डार्टमथ कॉलेजमध्ये एक विद्यार्थिनी स्थलांतरितांवर अभ्यास करत होती. ती स्वतः कागदपत्रांशिवाय वाढलेली. ग्रंथालयात पुस्तकं शोधताना तिच्या लक्षात आलं की या विषयावरची सगळी पुस्तकं 'इल्लीगल एलियन्स' या मथळ्याखाली लावलेली आहेत. म्हणजे आपल्याच आईबापांविषयी वाचायचं, तर आधी त्यांना ही शिवी देऊन शोधायचं. हे विषयांचे मथळे ठरवते वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस. या विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथपालांनी २०१४ मध्ये तिच्याकडे अर्ज केला. २०१६ मध्ये लायब्ररीनं शब्द बदलायचं जाहीर केलं, तर प्रतिनिधीगृहातल्या खासदारांनी मोडता घातला. ग्रंथालयाच्या सूचीतल्या एका मथळ्यावरून थेट खासदार मैदानात! शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये तो मथळा गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बायडेन सरकारनं सीमेवरच्या यंत्रणांना 'एलियन'ऐवजी 'नॉनसिटिझन' म्हणजे 'अ-नागरिक' हा शब्द वापरायला सांगितलं होतं. २०२५ मध्ये सरकार बदललं आणि तो जुना शब्द वाजतगाजत परत आला.

'वाजतगाजत' हे मी उगीच म्हणत नाही. अमृतसरच्या विमानानंतर दोनच आठवड्यांनी खुद्द व्हाइट हाऊसनं आणखी एक चित्रफीत टाकली. तीत माणसांचे चेहरे दिसत नाहीत. साखळ्या दिसतात आणि त्यांची खणखण ऐकू येते. ऐकताना शांत वाटावं, झोप लागावी, अशा हळुवार आवाजांच्या चित्रफिती इंटरनेटवर असतात ना? पावसाचा आवाज, कात्रीचा आवाज, तसल्या. त्यांचंच नाव या चित्रफितीला दिलं होतं. कुणाच्या तरी पायातल्या बेडीचा आवाज हा कुणाच्या तरी करमणुकीचा विषय! बेड्या घालून पाठवण्याची पद्धत नवी नाही, ती २०१२ पासूनची आहे, असं आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. भारतीयांना परत पाठवणंही त्याआधीपासून चालूच आहे. नवं काय होतं? तर त्याचा तमाशा करणं.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या भाषेत 'एलियन' नाही, पण 'लोंढा' आहे. 'परप्रांतीयांचे लोंढे' हा शब्दप्रयोग आपण वर्तमानपत्रांत इतक्या वेळा वाचलाय की तो आता टोचतही नाही. लोंढा कशाचा असतो? पुराच्या पाण्याचा. लोंढ्याला तोंड नसतं, नाव नसतं, आई नसते. लोंढा आला की बांध घालायचा, दारं लावून घ्यायची, एवढंच आपल्याला सुचतं. त्याला 'बाबा रे, कुठून आलास, जेवलास का?' असं कुणी विचारत नाही.

ही पाण्याची भाषा जगभर सारखीच आहे, ही एक गंमत. गंमत कसली, दुर्दैवच. ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी परकी संस्कृतीच्या लोकांमुळे आपण बुडून जाऊ अशी लोकांना भीती वाटते, असं म्हटलं होतं. २०१५ मध्ये डेव्हिड कॅमेरून भूमध्य समुद्र ओलांडून येणाऱ्यांबद्दल बोलताना पाण्यावरून थेट किड्यांवर आले आणि झुंडीसाठी, थव्यासाठीचा शब्द वापरून गेले. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये स्थलांतरितांच्या सोयीसुविधा बंद करण्यासाठी मोठी मोहीम झाली. त्या काळातल्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या बातम्या ओटो सांता आना या भाषा-अभ्यासकानं बारकाईनं तपासल्या. त्यांच्या २००२ मधल्या पुस्तकात ते दाखवतात की स्थलांतरासाठी सर्वांत जास्त वापरलेली उपमा धोकादायक पाण्याची होती, आणि माणसांसाठी जनावरांची. लिहिणारे काही दुष्ट नव्हते. रोजच्या घाईत जे शब्द हाताशी होते, ते त्यांनी वापरले. आपणही तेच करतो.

दुसरा आपला शब्द 'घुसखोर'. त्यातलं 'खोर' बघा. फारसीत त्याचा अर्थ खाणारा. लाचखोर, नफेखोर, भांडखोर, चहाडखोर, दंगेखोर. एक 'बंडखोर' सोडला, तर खोर लागलेला चांगला शब्द मला तरी आठवला नाही. जे सवयीनं करतो, स्वभावानंच तसा असतो, त्याला आपण खोर लावतो. म्हणजे एकदा, पोटासाठी किंवा जिवाच्या भीतीनं सीमा ओलांडली की तो त्या माणसाचा स्वभावच ठरला. सीमेवर शस्त्रं घेऊन येणारा आणि कडेवर पोर घेऊन येणारी, दोघांना एकच शब्द. पहिल्याच्या बाबतीत तो बरोबर आहे. दुसरीचं काय?

आणि आता खास आपल्या पानाचा विषय. या सगळ्या चित्रात बाई कुठे असते?

अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या महामार्गावर एक पिवळी पाटी होती. पुरुष पुढे पळतोय, त्यानं बाईला हाताला धरून ओढलंय, बाईनं मुलीला. मुलीच्या दोन शेंड्या वाऱ्यावर उडतायत. वर शब्द, 'सावधान'. ही पाटी १९९० च्या सुमारास काढली गेली ती चांगल्या हेतूनं. मेक्सिकोची सीमा ओलांडून आलेली माणसं भरधाव रस्ता पळत ओलांडायची आणि गाड्यांखाली सापडायची. काही वर्षांत शंभराहून अधिक माणसं तशी गेली होती. चित्र काढणारे जॉन हूड हे नावाहो आदिवासी समाजातले, व्हिएतनाम युद्ध पाहून आलेले. गाडी चालवणाऱ्याच्या काळजाला हात घालावा म्हणून त्यांनी चित्रात लहान मुलगी घेतली. पण पुढे हेच चित्र टीशर्टांवर गेलं, टिंगलीसाठी वापरलं गेलं, आणि हरणं रस्ता ओलांडतात तशी ही माणसं, असा त्याचा अर्थ झाला. त्याच चित्रावरून दुसऱ्या बाजूच्या लोकांनी स्थलांतरितांच्या हक्कांची पोस्टरंही केली. आता ती पाटी राहिलेली नाही, पण डोळ्यांसमोर चित्र तेच येतं. बाई म्हणजे मागून ओढत नेलेली.

प्रत्यक्षात बाई किती वेळा स्वतः निर्णय घेऊन निघालेली असते! पण बातमीत तिच्या वाट्याला दोनच भूमिका येतात. एक म्हणजे बिचारी, नाहीतर वाईट आई.

जून २०१९ मध्ये भारतातली एक सहा वर्षांची मुलगी ॲरिझोनाच्या वाळवंटात उष्माघातानं गेली. तिची आई पाणी शोधायला गेली होती. मुलीला तिनं बरोबरच्या दुसऱ्या बाईजवळ ठेवलं होतं. मुलीचे वडील आधीच अमेरिकेत होते, आश्रयासाठी त्यांनी अर्ज केलेला होता. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं एक कुटुंब, नवरा, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, कॅनडातून अमेरिकेत जाताना बर्फात गोठून गेलं. सीमा तिथून अवघी बारा मीटरवर होती. या दोन्ही बातम्यांवर आपल्या दिवाणखान्यांत काय बोललं गेलं, आठवतंय? 'कसली ही आई!' 'काय ती डॉलरची हाव!' मीही म्हटलं असेन. एजंटनं काय सांगितलं होतं, किती पैसे घेतले होते, उणे तापमानात चालायला कुणी सोडलं, हे प्रश्न नंतर आले. अमेरिकेतल्या न्यायालयानं पुढे त्या प्रकरणात माणसांची तस्करी करणाऱ्यांना दोषी ठरवलं. पण आईवरचा निकाल आपण चहा संपायच्या आत देऊन टाकला होता.

दयेच्या भाषेचंही एक सांगते. २०१८ च्या जूनमध्ये होंडुरासच्या जेमतेम दोन वर्षांच्या मुलीचा फोटो जगभर गाजला. गुलाबी कपड्यांतली, आईची झडती चालू असताना मान वर करून रडणारी. 'टाइम' साप्ताहिकानं तो मुखपृष्ठावर घेतला, आईपासून तोडलेल्या मुलांचं प्रतीक म्हणून. नंतर कळलं की ही मुलगी आईपासून वेगळी झालीच नव्हती. झालं! ज्यांना हा विषयच खोटा ठरवायचा होता, त्यांना आयतं कोलीत मिळालं. पण त्याच सुमाराला, साधारण पाच आठवड्यांत, दोन हजार तीनशेहून अधिक मुलांना खरोखरच आईवडिलांपासून वेगळं केलं होतं. आणि कागदावर त्यांची नोंद कशी झाली, ठाऊक आहे? 'सोबत कुणी नसलेली परकी मुलं' अशी. आईच्या कुशीतून काढून घ्यायचं आणि मग लिहायचं, याच्यासोबत कुणी नाही! एका शब्दात आई पुसली गेली. पुढे कित्येक मुलांचे आईबाप शोधताना नाकी नऊ आले, कारण कोण कुणाचं हे नीट लिहूनच ठेवलं नव्हतं.

म्हणून मी म्हणते, शब्दांचा हा कीस काढणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम नाही. आधी शब्द बदलतो, मग कागद बदलतो, मग माणसाचं आयुष्य.

आपल्याकडचं पाहा. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना बांगलादेशी ठरवून पकडलं आणि सीमेपलीकडे ढकललं. नंतर ते इथलेच असल्याचं निघालं आणि त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गरोदर बाई, नवरा आणि लहान मुलासह, तशीच पलीकडे पाठवली गेली. तिकडे बांगलादेशात तिला बेकायदा आलेली भारतीय म्हणून तुरुंगात टाकलं! इकडे घुसखोर, तिकडेही घुसखोर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा माणुसकीच्या मुद्द्यावर केंद्र सरकारनं तिला आणि मुलाला परत आणायचं मान्य केलं. डिसेंबरमध्ये दिवस भरत आलेले असताना ती परतली. बांगला बोलते आणि गरीब आहे, एवढ्यावर 'घुसखोर' हा शब्द आधी चिकटला होता. खरं काय ते तपासणं मागून आलं.

कुणी म्हणेल, तुम्ही काय सीमाच नकोत म्हणता की काय? मुळीच नाही. घराला दार हवं तसं देशाला दार हवं. कोण येतं, कोण जातं, हे बघायचा सरकारला अधिकार आहे, ते त्याचं कर्तव्यच आहे. पण दारात उभ्या असलेल्याला काय नावानं हाक मारायची, हा घरच्यांच्या संस्काराचा प्रश्न असतो. तो दारावर अवलंबून नसतो.

आणि उद्या त्या दारात आपलीच मुलं उभी असतात. माझी भाची इंजिनिअर. लग्न होऊन अमेरिकेत गेली, तेव्हा तिच्या व्हिसावरचा शब्द होता 'डिपेंडंट', म्हणजे अवलंबून असलेली. नवऱ्याइतकंच शिकलेली ही मुलगी वर्षानुवर्षं कामाची परवानगी नसल्यानं घरी बसली. २०१५ मध्ये नियम बदलला, काही बायकांना काम करता येऊ लागलं, तेव्हा तिनं मला फोन केला तो रडतच. "मावशी, त्या शब्दाची मला इतकी सवय झाली होती की मी बँकेतसुद्धा आधी नवऱ्याचं नाव सांगायचे." सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच वन बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. त्या वेळी 'नोकऱ्या पळवणारे', 'व्यवस्थेचा गैरफायदा घेणारे' ही भाषा आपल्या या हुशार, रीतसर गेलेल्या मुलांच्या वाट्याला आली. तेव्हा आपल्याला किती लागलं! तसंच ते दुसऱ्यांनाही लागतं, एवढं जरी आपण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मी स्वतःपुरती एक सवय लावून घेतलीय. बातमी वाचताना तीन गोष्टी बघायच्या. शब्द कृतीला लावलाय की माणसाला? 'लोंढा', 'लाट', 'झुंड' काढून तिथे 'माणसं' घातलं तर वाक्य कसं वाटतं? आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांच्यापैकी एकाचं तरी बोलणं बातमीत आहे का? सोपं आहे. मुलांबरोबरही करून बघा.

त्या संध्याकाळी बातम्या संपल्यावर सासूबाई पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "आम्ही कराचीहून आलो ना गं बोटीनं, तेव्हा मी सात वर्षांची. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या. सगळ्या मुलींना नावानं, आणि मला म्हणायच्या, 'ती निर्वासित आली का?' निर्वासित म्हणजे काय ते मला कळायचं नाही. मला वाटायचं, काहीतरी रोग असेल."

"मग हो?"

"मग काय! एक दिवस उभी राहिले आणि म्हटलं, बाई, माझं नाव कुसुम आहे."